निवडणूक हरलेला परराष्ट्रमंत्री

आपल्याकडच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची एक लाडकी समजूत आहे. राजकारण्यांकडची खाती काढून घ्यावीत आणि त्या त्या विषयातल्या जाणकारांकडे सोपवावीत, म्हणजे देश सुरळीत चालेल. अर्थखातं अर्थतज्ज्ञाला, आरोग्य डॉक्टरला आणि परराष्ट्र खातं तर अर्थातच मुत्सद्दी सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला. माजी परराष्ट्र सचिव एस. जयशंकर 2019 मध्ये थेट परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हापासून या समजुतीला चांगलंच बळ आलं आहे. मला तिच्याशी भांडायचं आहे, पण भारतातलं उदाहरण घेऊन नव्हे. आपली माणसं मधे आली की वाचणारा आधी बाजू ठरवतो आणि मग वाचायला बसतो. त्यापेक्षा दक्षिण अमेरिकेतला पेरू देश बरा. तिथे कुणाचा काका-मामा गुंतलेला नाही.

शिवाय पेरूत हा प्रयोग नवा नाही, ती तिथली रीतच आहे. राजधानी लिमाच्या जुन्या भागात तोर्रे ताग्ले नावाचा वाडा आहे. 1735 मध्ये बांधून पूर्ण झालेला, कोरीव लाकडी सज्जांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने तो घेतला आणि परराष्ट्र खातं तिथे थाटलं. लिमातली माणसं त्या खात्याला वाड्याच्याच नावाने ओळखतात. पेरूत मंत्री होण्यासाठी खासदार असावं लागत नाही. राष्ट्राध्यक्ष नेमतो, मंत्रिमंडळाने काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, विश्वास मिळवायचा, आणि एखादा मंत्री फारच नकोसा झाला तर काँग्रेस ठराव करून त्याला घरी पाठवू शकते. त्यामुळे परराष्ट्र खात्याची खुर्ची वर्षानुवर्षं याच वाड्यात वाढलेल्या राजदूतांकडे येत राहिली आहे. तज्ज्ञ मंत्री झाला की काय होतं, हे बघायला यापेक्षा चांगली जागा सापडणं कठीण.

या रांगेतलं सगळ्यात मोठं नाव हाविएर पेरेझ दे कुएयार. जगाला ते संयुक्त राष्ट्रांचे पाचवे सरचिटणीस म्हणून माहीत आहेत. त्या पदावर पोहोचलेले लॅटिन अमेरिकेतले ते आजवरचे एकमेव. आपल्याकडे त्यांना 1987 चा नेहरू पुरस्कार मिळाला होता, तोही बहुतेक जण विसरले. पण ते पुढे वयाच्या ऐंशीव्या वर्षी पेरूचे परराष्ट्रमंत्री झाले, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण त्या दोन ओळींतच आहे.

1920 चा जन्म. 1940 मध्ये, कायद्याचं शिक्षण चालू असतानाच, परराष्ट्र खात्यात चिकटले. 1944 पासून मुत्सद्दी सेवा, पहिली नेमणूक पॅरिसच्या वकिलातीत. 1946 साली लंडनला संयुक्त राष्ट्रांची पहिली आमसभा भरली, तिथे पेरूच्या शिष्टमंडळात हा पंचविशीतला तरुण होता. 1966 मध्ये ते खात्याच्या प्रशासनातल्या सर्वोच्च पदावर पोहोचले. 1968 च्या ऑक्टोबरात जनरल वेलास्को यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. नव्या लष्करी राजवटीने 1969 मध्ये सोव्हिएत संघाशी संबंध जोडले आणि मॉस्कोला पेरूचा पहिला राजदूत म्हणून पाठवलं, ते यांनाच. 1971 ते 1975 संयुक्त राष्ट्रांत पेरूचे प्रतिनिधी. 1974 च्या जुलै महिन्यात सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद फिरत फिरत त्यांच्याकडे आलं आणि त्याच महिन्यात सायप्रसमध्ये बंड झालं, पाठोपाठ तुर्कस्तानचं सैन्य उतरलं. ते प्रकरण त्यांनी ज्या शांतपणे हाताळलं त्यावरून पुढे सरचिटणीसांनी त्यांना सायप्रसलाच आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलं.

इथवर काय दिसतं? निवडून आलेलं सरकार असो की रणगाड्यावरून आलेलं, हा माणूस काम करत राहिला. मी याला दोष म्हणत नाही. मुत्सद्दी सेवेची अटच ती आहे. राजदूताने सरकारचं मत मांडायचं, स्वतःचं घरी ठेवायचं. पण ही सवय तीस-चाळीस वर्षं अंगी मुरली की काय होतं, हा प्रश्न पुढे येणार आहे, तो ध्यानात राहू द्या.

1981 चं साल तर एखाद्या फार्सात शोभावं असं. पेरूत लोकशाही परतली होती. राष्ट्राध्यक्षांनी त्यांची ब्राझीलला राजदूत म्हणून शिफारस केली. त्या वेळच्या घटनेनुसार राजदूताच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागे. सिनेटने नकार दिला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जगाने त्यांना सरचिटणीस केलं! झालं असं की सुरक्षा परिषदेत ऑस्ट्रियाचे कुर्ट वाल्डहाइम तिसऱ्यांदा उभे होते. चीनने त्यांच्यावर एकामागोमाग सोळा वेळा नकाराधिकार वापरला. टांझानियाचे सलीम अहमद सलीम अमेरिकेला नको होते. आठवडेच्या आठवडे कोंडी. शेवटी दोघांनाही बाजूला व्हायची विनंती झाली आणि कुणालाच फारसा न खुपणारा माणूस म्हणून पेरेझ दे कुएयार निवडले गेले. ते प्रचाराला न्यूयॉर्कलाही आले नव्हते. स्वतःच्या देशाच्या सिनेटला जो माणूस एका राजदूतपदासाठी नकोसा वाटला, त्याला पाच महासत्तांनी बिनतक्रार स्वीकारलं.

याचा अर्थ सिनेटर अडाणी होते, असा बहुतेक जण काढतात. मला वेगळं वाटतं. लोकांनी निवडून दिलेली माणसं राजदूताकडे पाहतात तेव्हा विचारतात, हा कुणाच्या बाजूचा? महासत्ता पाहतात तेव्हा त्यांना हवा असतो तो कुणाच्याच बाजूचा नसलेला. दोन्ही कसोट्या आपापल्या जागी बरोबर आहेत. एकीत पास झालेला दुसरीत नापास होऊ शकतो, इतकंच. तज्ज्ञभक्त हे सोयीस्करपणे विसरतात.

सरचिटणीसपदाची दहा वर्षं मी इथे सगळी सांगत बसणार नाही. फॉकलंडच्या युद्धात, नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच, त्यांनी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात मध्यस्थी केली. ती फसली, पण स्वतः लॅटिन अमेरिकन असूनही त्यांच्यावर पक्षपाताचा ठपका आला नाही. इराण-इराक युद्ध 20 ऑगस्ट 1988 ला थांबलं, त्यामागे त्यांच्या कार्यालयाची चिकाटी होती. त्याच वर्षी शांतिसेनेला नोबेल मिळालं, ते ऑस्लोत त्यांनी स्वीकारलं. नामिबिया 1990 मध्ये स्वतंत्र झाला. 1991 च्या जानेवारीत ते बगदादला सद्दामची समजूत घालायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले.

एक रात्र मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. 31 डिसेंबर 1991. सरचिटणीसपदाचा शेवटचा दिवस, मध्यरात्रीनंतर ते पदावर नसणार. न्यूयॉर्कच्या मुख्यालयात एल साल्वाडोरचं सरकार आणि तिथले गनिमी बंडखोर अजून वाटाघाटी करत बसलेले. बारा वर्षांचं यादवी युद्ध, सुमारे पंचाहत्तर हजार बळी. नवे सरचिटणीस दुसऱ्या दिवशी येणार आणि त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यायचं म्हणजे आणखी काही महिने, आणखी काही प्रेतं. त्यामुळे घड्याळ हीच त्या रात्री सरचिटणीसांच्या हातातली एकमेव ताकद होती. मध्यरात्रीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. पुढे सोळा दिवसांनी मेक्सिकोत चापुल्तेपेकला रीतसर करार झाला. ही मुत्सद्देगिरीची कमाल आहे, आणि ती नाकारणारा माणूस मी नाही.

पण त्याच महिन्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पश्चिम सहारात सार्वमत घ्यायचं होतं, मोरोक्कोत सामील व्हायचं की स्वतंत्र राहायचं. मतदार कोण, यावर सगळा खेळ होता. जाता जाता, 1991 च्या डिसेंबरातच, पेरेझ दे कुएयार यांनी जो अहवाल दिला त्यात मतदारांच्या पात्रतेचे निकष असे सैल केले की त्याचा फायदा मोरोक्कोला व्हावा. सहाराविषयीच्या त्यांच्याच विशेष प्रतिनिधीने पद सोडलं. ते सार्वमत आजतागायत झालेलं नाही. गाजावाजा न करता, बंद दाराआड, दोन्ही पक्षांचं ऐकून तोडगा काढायचा ही पद्धत दोन्ही पक्ष तुल्यबळ असतात तेव्हा शोभते. एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला वाळवंटातल्या छावण्या असतात, तेव्हा मधोमध उभं राहण्याचा अर्थ वेगळा होतो.

आता पेरूकडे परत येऊ. 1990 मध्ये अल्बेर्तो फुजिमोरी निवडून आले तेव्हा देशात महागाई वर्षाला सात हजार टक्क्यांच्या पुढे होती आणि 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेने देश रक्ताने माखला होता. 1992 च्या एप्रिलमध्ये फुजिमोरींनी रणगाडे आणून काँग्रेस बरखास्त केली, न्यायालयं हाताखाली घेतली. त्या वर्षाच्या शेवटी, 29 डिसेंबरला, एका फटक्यात 117 मुत्सद्द्यांना सेवेतून काढलं. तोर्रे ताग्लेची अर्धी स्मरणशक्तीच गेली म्हणा ना. पण महागाई आटोक्यात आली होती, संघटनेचा म्होरक्या पकडला गेला होता आणि लोक फुजिमोरींवर खूश होते. हे मान्य केल्याशिवाय पुढचं कळत नाही.

1995 मध्ये पंचाहत्तर वर्षांचे पेरेझ दे कुएयार राष्ट्राध्यक्षपदासाठी फुजिमोरींच्या विरोधात उभे राहिले. आयुष्य पॅरिस, मॉस्को, न्यूयॉर्कमध्ये गेलेलं. सभेत बोलायची सवय नाही, टाळ्या घ्यायची तर नाहीच. समोरचा गडी पोंचो अंगावर घेऊन ट्रॅक्टरवर बसणारा. निकाल सगळ्यांना आधीच दिसत होता. फुजिमोरी 64 टक्के, हे 22 टक्क्यांच्या आसपास. काँग्रेसच्या 120 जागांपैकी फुजिमोरींच्या 67, यांच्या आघाडीच्या 17. जगाचं शांतता खातं दहा वर्षं सांभाळलेल्या माणसाला आपल्याच देशाने चारी मुंड्या चीत केलं.

मित्रमंडळींनी तेव्हा म्हटलं असेल, कशाला पडलात या भानगडीत? इतिहासात नाव झालं होतं, पेन्शन होती, पॅरिस होतं. पण मला वाटतं पुढचं जे काही घडलं ते या पराभवामुळेच घडू शकलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा या माणसाला उघड्यावर, नाव घेऊन, स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं की ही राजवट चुकीची आहे. कुणाचा निरोप पोहोचवायचा नव्हता, दोन पक्षांना शोभेल असा मसुदा करायचा नव्हता. लाखो लोकांनी त्यांना मत दिलं आणि त्याच्या तिपटीने लोकांनी नाकारलं. आता हा कुणाच्या बाजूचा, हा 1981 च्या सिनेटचा प्रश्न उरलाच नव्हता.

2000 च्या नोव्हेंबरात सगळं कोसळलं. गुप्तहेर खात्याचा सर्वेसर्वा मोन्तेसिनोस एका खासदाराला नोटा मोजून देतानाची चित्रफीत सप्टेंबरात टीव्हीवर आली होती. फुजिमोरी ब्रुनेईच्या परिषदेला म्हणून गेले आणि टोकियोतून फॅक्सने राजीनामा धाडला. काँग्रेसने तो स्वीकारलाच नाही, उलट ठराव करून त्यांना 'नैतिकदृष्ट्या अपात्र' म्हणून काढून टाकलं. वालेन्तिन पानियाग्वा नावाचे कुस्कोचे एक सौम्य प्रकृतीचे वकील हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री अशी दोन्ही पदं ऐंशी वर्षांच्या पेरेझ दे कुएयार यांना दिली.

हातात आठ महिने. 28 जुलै 2001 ला नव्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती कारभार द्यायचा हे ठरलेलं. एवढ्या अवधीत माणूस सहसा निवडणुका पार पाडतो, फायली नीट लावतो आणि निरोप घेतो. या सरकारने काय केलं ते पाहा. आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालय आपल्याविरुद्ध निकाल देतं म्हणून फुजिमोरींनी 1999 मध्ये पेरूला त्याच्या कार्यकक्षेतून बाहेर काढलं होतं. 2001 च्या जानेवारीत पेरू परत आला. पाठोपाठ बार्रिओस आल्तोसचा खटला. 1991 मध्ये लिमाच्या त्या वस्तीत एका घरगुती समारंभात लष्कराच्या छुप्या पथकाने घुसून पंधरा जणांना मारलं होतं, त्यात एक लहान मूल. फुजिमोरी सरकारने नंतर माफीचे कायदे करून मारेकऱ्यांना सोडवलं. आता नव्या सरकारने त्या न्यायालयापुढे उभं राहून सांगितलं, होय, जबाबदारी पेरू देशाची. 14 मार्च 2001 ला न्यायालयाने ते माफीचे कायदे निष्प्रभ ठरवले. पुढे फुजिमोरींना चिलेतून आणून 2009 मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, ती ज्या पायावर उभी राहिली तो पाया इथे घातला गेला. काढून टाकलेल्या मुत्सद्द्यांसाठी सेवेची दारं पुन्हा उघडली. आणि अमेरिका खंडातल्या कुठल्याही देशात लोकशाही मोडली गेली तर बाकीच्यांनी गप्प बसायचं नाही, अशी सनद करण्याची कल्पना पेरूने मांडली. ती सनद पुढच्या सरकारच्या काळात लिमातच मंजूर झाली, तारीख 11 सप्टेंबर 2001. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल त्या सकाळी लिमात होते. न्यूयॉर्कच्या बातम्या कळल्यावरही सनदेला मत देऊनच ते विमानात बसले.

आता मला सांगा, यातलं कुठलं काम 'मुत्सद्द्याचं' आहे? आपल्या देशाने गुन्हा केला हे परक्या न्यायालयात कबूल करणं कुठल्याही मुत्सद्दी अकादमीत शिकवत नाहीत, तिथे शिकवतात ते बरोबर याच्या उलट. देशाची बाजू सावरायची, शब्द पातळ करायचे, वेळ काढायचा. सगळा निर्णय राजकीय होता. पानियाग्वा आणि त्यांच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की मागच्या दहा वर्षांशी नातं तोडायचं. पेरेझ दे कुएयार यांची साठ वर्षांची कारागिरी त्या निर्णयाच्या कामी आली, हे खरंच. कुठलं पत्र कुणाला, कोणत्या भाषेत, किती तारखेला, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांचं नाव ऐकल्यावर परदेशातले दरवाजे उघडत होते. पण कारागिरीने दिशा ठरवली नाही. दिशा आधी ठरली होती, आणि ती दिशा त्यांनी 1995 मध्ये हरताना जाहीर केलेली होती.

आपल्याकडे याच जातीचं एक उदाहरण आहे, तेवढं सांगून पुढे जातो. चिंतामणराव देशमुख आय.सी.एस. अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मग नेहरूंचे अर्थमंत्री. अर्थमंत्री म्हणून त्यांचं काम मोठंच होतं, पण मराठी माणूस त्यांना का आठवतो? 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला म्हणून. 1952 ला ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले होते. तिथल्या लोकांना तोंड दाखवायचं होतं, हा भाग त्या राजीनाम्यात अजिबात नव्हता असं मला म्हणवत नाही.

तज्ज्ञांच्या बाजूने बोलणारे आता म्हणतील, एक उदाहरण घेऊन काय सिद्ध होतं? बरोबर आहे. म्हणून दुसरं घेऊ. एलिझाबेथ आस्तेते, याच वाड्यात कारकीर्द घडवलेल्या राजदूत. 2020 च्या नोव्हेंबरात राजकीय गोंधळातून सागास्ती यांचं हंगामी सरकार आलं, त्यात त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. कोविडचा काळ. पुढे आकडे सुधारल्यावर लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक मृत्यू पेरूत झाल्याचं दिसलं. लस मिळवणं हे आता परराष्ट्र खात्याचं काम झालं होतं. चीनच्या सिनोफार्मशी बोलणी झाली, 2021 च्या 7 फेब्रुवारीला पहिले तीन लाख डोस लिमात उतरले. काम चोख. आणि आठवड्याच्या आत बातमी फुटली की लिमात झालेल्या चाचणीसाठी जे जादा डोस आले होते, त्यातून माजी राष्ट्राध्यक्ष विस्कार्रा यांच्यासह 487 जणांनी आधीच गुपचूप टोचून घेतलं आहे. आस्तेते यांनी 22 जानेवारीला घेतली होती. डॉक्टर-नर्सना लस सुरू झाली ती त्यानंतर अडीच आठवड्यांनी. 14 फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला. खुलासा असा, की जबाबदारीच्या या काळात आजारी पडणं मला परवडणारं नव्हतं.

हा खुलासा मला फार बोलका वाटतो. त्या खोटं बोलत नव्हत्या. चाळीसेक वर्षं सेवा केलेल्या माणसाला मनापासून वाटतं की आपण थांबलो तर गाडा थांबेल. वकिलातीत ते खरंही असतं. पण मंत्री असणं म्हणजे आधी स्वतःला रांगेत उभं करणं. प्रचारात गल्लोगल्ली फिरलेल्या, शिव्या खाल्लेल्या माणसाला रांग मोडल्यावर लोक काय करतात ते ठाऊक असतं. निदान भीती तरी असते. आस्तेते यांना ती भीती वाटण्याचा प्रसंग आयुष्यात आलाच नव्हता. काँग्रेसने पुढे त्यांना वर्षभर सार्वजनिक पदाला अपात्र ठरवलं.

मग राजकारणीच बरे का? तसंही मी म्हणणार नाही. 2021 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी परराष्ट्र खातं हेक्टर बेहार या पंच्याऐंशी वर्षांच्या माजी गनिमाला दिलं. नौदलाविषयीची त्यांची जुनी विधानं बाहेर आली आणि एकोणिसाव्या दिवशी ते घरी. त्यानंतरच्या वर्षभरात एक मंत्री असा आला की त्याने पश्चिम सहाराच्या सहारावी प्रजासत्ताकाची मान्यता काढून घेतल्याचं जाहीर केलं, राष्ट्राध्यक्षांनी काही आठवड्यांत ती परत दिली आणि मंत्र्याने राजीनामा दिला. महिन्याभरात दोनदा उलटसुलट भूमिका घेणाऱ्या देशाला बाहेर कोण किंमत देणार? अशा वेळी वाड्यातल्या अनुभवी माणसांची किंमत कळते. आस्तेते गेल्यावर सरकारला सावरायला अलान वाग्नर धावून आले, तेही सेवेतलेच, आधी दोनदा परराष्ट्रमंत्री झालेले.

म्हणजे कौशल्याचं मोल आहेच. माझं म्हणणं एवढंच, की ते कौशल्य कुणाच्याही हाती चालतं. त्यात चांगलं-वाईट ठरवण्याची सोय नसते. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष दिना बोलुआर्ते यांनी 1980 ते 2000 या काळातल्या लष्करी आणि पोलिसी अत्याचारांना माफी देणाऱ्या कायद्यावर सही केली. आंतरअमेरिकी न्यायालयाने तो रोखायला सांगितलं होतं, ते त्यांनी झुगारलं. न्यायालयातूनच बाहेर पडावं का, याची चर्चा पुन्हा सुरू झाली. 2001 मध्ये जे बांधलं ते वीट वीट काढून नेण्याचा हा प्रकार. त्या वेळी परराष्ट्रमंत्री एल्मर शिआलेर होते. अस्सल तोर्रे ताग्लेचे, अनुभवी, अभ्यासू राजदूत. ते बोलुआर्ते यांचं सरकार ऑक्टोबरात पडेपर्यंत पदावर राहिले. ज्या वाड्यातून बार्रिओस आल्तोसची जबाबदारी स्वीकारली गेली, त्याच वाड्यातल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत तिच्यावर पाणी सोडलं गेलं. दोघांचं शिक्षण एकाच परंपरेतलं.

याच्या उलट 7 डिसेंबर 2022 ची दुपार. कास्तियो यांनी टीव्हीवर भाषण करून काँग्रेस बरखास्त केल्याचं सांगितलं, कागद हातात थरथरत होता. परराष्ट्रमंत्री होते सेसार लान्दा. मुत्सद्दी नव्हेत, घटनेचे प्राध्यापक, घटना न्यायालयाचे माजी अध्यक्ष. त्यांना आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी जाहीरपणे या कृतीचा निषेध केला आणि राजीनामा दिला. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतले पेरूचे राजदूत मानुएल रोद्रिगेझ क्वाद्रोस यांनीही पद सोडलं. ते मात्र सेवेतले, माजी परराष्ट्रमंत्री. काही तासांत कास्तियो पोलिसांच्या ताब्यात होते. त्या दुपारी एक प्राध्यापक आणि एक मुत्सद्दी सारखेच वागले, तेव्हा दोघांपैकी कोण तज्ज्ञ हा प्रश्न कुणाला पडला नाही.

तिथपासून 2025 च्या अखेरीपर्यंत पेरूत चार परराष्ट्रमंत्री झाले, त्यातले बहुतेक मुत्सद्दी सेवेतून आलेले. पुढचा मंत्री नेमताना त्याला किती भाषा येतात, कुठकुठल्या राजधान्यांत तो राहिला, हे विचारलं जाईलच, ती यादी तोर्रे ताग्लेच्या दफ्तरात तयार असते. सरकारला नको असलेली गोष्ट त्याने उघडपणे, स्वतःच्या नावावर, कधी म्हटली आहे का, हे काँग्रेसने विचारावं. पेरेझ दे कुएयार यांना 1981 मध्ये या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं, 2000 मध्ये आलं.